देव्हाऱ्यावरचं पाणी: शाहूपुरीतल्या एका शेजाराचं प्रकरण

वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपणं ही जुन्या अपार्टमेंटमधली सगळ्यात रटाळ तक्रार. कोल्हापुरात पाऊस दणकून, इमारती तीस-पस्तीस वर्षांच्या, नहाणी ट्रॅपचे (न्हाणीतल्या जाळीखालच्या, सांडपाणी जिथून जातं त्या भांड्याचे) सांधे उघडलेले. गल्लीगणिक असं एखादं भांडण चालूच असतं. त्यातलंच हे एक. पोलिसात गेलं नाही, कोर्टात गेलं नाही. तरी सविस्तर लिहितोय, कारण वर राहणाऱ्या बाई मनापासून ख्रिस्ती आहेत, कुणाशी वाकडं नको म्हणून जपून वागणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या त्या जपून वागण्यानेच भांडण वर्षभर मुरलं. पुढे जे सुटलं तेही त्यांच्या विश्वासामुळेच.

नावं कुणाचीच देत नाही. वरच्या बाईंना सगळी इमारत ‘सिस्टर’ म्हणते, खालच्या गृहस्थांना ‘अण्णा’. तेवढं पुरे. माझा संबंध दुहेरी: मी मंडळीचा वडील, म्हणजे पाळकांबरोबर चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, आणि आयुष्यभर पोटापाण्यासाठी बांधकामावर ओव्हरसियर. सिस्टरनी मला बोलावलं ते यातल्या दुसऱ्या कारणासाठी. पहिलं आपोआप आलं.

सिस्टर मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या, नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान गेले. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, सून शाळेत शिकवते, एक नातू. अण्णांचं लक्ष्मीपुरीत हार्डवेअरचं दुकान. नळ, पाइप, एम-सील विकण्यात ज्याचा दिवस जातो त्याच्याच स्वयंपाकघराचं छत गळत होतं, हा यातला एक विनोद. पण तो अण्णांसमोर करायची कुणाची छाती झाली नाही. घरात बायको, दोन मुलं आणि म्हाताऱ्या आई.

पहिल्या पावसाळ्यात खालच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल दिसली. मग गिलाव्याचे पोपडे सुटले. अण्णांनी जिन्यात सिस्टरना गाठून सांगितलं, “ओ सिस्टर, तुमची न्हाणी गळतीया, बघून घ्या.” सिस्टर “बघते हं” म्हणाल्या. त्यांनी प्लंबर आणला, त्याने फरशीच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं, पाचशे रुपये घेतले आणि गेला. ओल थांबली नाही. अण्णा पुन्हा बोलले, जरा चढ्या आवाजात. सिस्टर पुन्हा “बघते” म्हणाल्या. पुढे मात्र त्या जिन्यात अण्णांचा आवाज ऐकू आला की दाराआड थांबायला लागल्या. ते खाली गेले की मग बाहेर पडायच्या.

याला त्या स्वतः ‘वाद टाळणं’ म्हणत होत्या. अण्णा त्याला काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नाताळ आला. आपल्याकडे ख्रिस्ती घरात नाताळला केकबरोबर करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा रीतसर फराळ होतो आणि तो शेजारीपाजारी जातो. सिस्टरनी नेहमीपेक्षा मोठं ताट भरून, वर क्रोशाचा रुमाल टाकून नातवाबरोबर खाली पाठवलं. ताट तसंच परत आलं. रुमालसुद्धा न उचलता. अण्णांच्या बायकोने पोराला एवढंच सांगितलं, “आजीला म्हणावं, आधी वरचं बघा.”

सिस्टरना हे फार लागलं. उपासनेनंतर त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सूर असा होता, की आपण प्रेमाने दिलं आणि त्यांनी झिडकारलं. आता प्रार्थना करणं एवढंच हाती आहे. मी तेव्हा मान हलवली. मंडळीत असं ऐकलं की मान हलवायची सवय असते.

पण ताट परत पाठवणाऱ्या बाईचं काय चुकलं? डोक्यावर पाणी गळत असताना वरून करंज्या आल्या तर त्या गोड लागत नाहीत. दिलजमाईच्या जागी दिलेली लाच वाटतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच आहे: उघड्याला आणि उपाशाला कुणी म्हणालं, ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’, पण अंगाला लागणारं काही दिलं नाही, तर काय उपयोग? आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तर क्रमच घालून दिलाय. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. सिस्टरनी फराळ आधी पाठवला आणि जाणं राहूनच गेलं. अर्पण पोचलं, माणूस पोचला नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर सिस्टरवर अन्याय होईल. कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने, १८५२ साली. पुढे १८७०मध्ये ते प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं. म्हणजे इथली कित्येक ख्रिस्ती घराणी पाच-सहा पिढ्यांची आहेत. भाषा तीच, जेवण तेच, तांबडा-पांढराही तोच. पण संख्या फार थोडी. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का होते. एवढ्या थोड्यांना लहानपणापासून एक शिकवण न शिकवता मिळते: आपल्यामुळे आवाज नको, आपलं नाव नको, नळाचं भांडण उद्या धर्माचं व्हायला वेळ लागत नाही. दाराआड थांबणाऱ्या सिस्टरच्या वागण्यात निम्मी ही भीती होती. तिला त्या शांती समजत होत्या. मीसुद्धा तिला बरीच वर्षं तेच समजत आलो.

आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. पुढच्या गणपतीत ते झालंच.

गौरी आलेल्या, घरात पै-पाहुणे, आणि त्या दिवसांत अण्णांच्या देव्हाऱ्यावर छतातून थेंब पडायला लागले. स्वयंपाकघराची ओल वेगळी आणि देवावर वरच्या न्हाणीचं पाणी पडणं वेगळं. ज्याच्या घरात देव्हारा आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याच्या घरात नाही त्याने मुद्दाम समजून घ्यावं लागतं. अण्णांच्या आईंनी दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी रात्री इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांचा मेसेज आला: ‘काही लोकांना दुसऱ्याच्या देवाचं काही पडलेलं नसतं.’ नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, तीन मजल्यांत ख्रिस्ती घर एकच.

सिस्टरच्या मुलाने उत्तर लिहायला घेतलं. त्याचा मजकूर मी नंतर वाचला, चांगला लांबलचक होता, त्यात राज्यघटनाही होती. सिस्टरनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, “हे ग्रुपवर नाही. मी उद्या सकाळी खाली जातो.” (आमच्याकडं बायकाही ‘जातो’, ‘येतो’ म्हणतात, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दचकू नये.) मुलगा म्हणाला, “तो तुला वाट्टेल ते बोलंल.” त्या म्हणाल्या, “बोलू दे की. वर्ष झालं, मी त्याला बोलूच दिलेलं नाही.”

या प्रकरणात कुठं वळण असेल तर ते या वाक्यात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेली रीत अशी, की भावाचा अपराध दिसला तर आधी एकट्याने, दोघांतच जाऊन बोल. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना बरोबर ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आम्ही ही वचनं मंडळीतल्या भांडणांना लावतो, आणि तिथंही बऱ्याचदा उलट्या क्रमाने. सिस्टरनी ती जिन्याला लावली. आणि सरळ बोलायचं तर अण्णा ही रीत आधीपासून निम्मी तरी पाळत होते. तोंडावर, समोरासमोर, काय दुखतंय ते सांगत होते. आवाज मोठा होता एवढंच. कोल्हापूरकराचा आवाज मोठाच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, हातात काही न घेता. हे मुद्दाम. सून म्हणाली होती, गौरी-गणपतीचे दिवस आहेत, निदान पेढे तरी न्या. त्या नको म्हणाल्या. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभ्या राहिल्या. अण्णा दुकानाला निघण्याच्या घाईत होते, बघताच सुरू झाले. चांगली दहा मिनिटं बोलले. पहिल्या पावसाळ्यापासूनचं सगळं निघालं: पाचशे रुपयांचा प्लंबर, “बघते हं”, दाराआड थांबणं (ते त्यांना माहीत होतं!), ताट. सिस्टर मधे बोलल्या नाहीत. अण्णा थांबल्यावर त्या म्हणाल्या, “देवावर पाणी पडतंय हे मला काल रात्री कळलं. तुमच्या जागी मी असते तर यापेक्षा जास्त बोलले असते. मला दाखवता का?”

अण्णांच्या बायकोने आत बोलावलं. देव्हाऱ्याच्या वर प्लॅस्टिकचा कागद सुतळीने चारही कोपऱ्यांना ताणून बांधला होता, मध्ये झोळ पडलेला, आणि झोळाच्या खाली देवांच्या शेजारी एक स्टीलची वाटी. वाटीत दोन बोटं पाणी. सिस्टरनी वाटी उचलली, वास घेतला. नर्सची सवय. आणि तिथंच त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी त्यांनी त्या क्षणी बोलून दाखवली नाही: पाण्याला उष्ट्या-खरकट्याचा वास होता. न्हाणीच्या पाण्याला साबणाचा यायला हवा.

म्हणाल्या एवढंच: “आजपासून वरची न्हाणी बंद. पाऊस उघडला की भाऊंना (म्हणजे मला) बोलावून नीट तपासून घेते. माझ्याकडचा दोष निघेल तो मी पुरा करून देते. तोवर ती वापरणार नाही.”

आता ‘न्हाणी बंद’ हे लिहायला दोन शब्द. सिस्टरच्या घरात स्वयंपाकघराला लागून ही न्हाणी आणि पॅसेजला एक संडास-बाथरूम. पाच-सात आठवडे चार माणसं त्या एकात. मुलाची पहिली पाळी, सुनेची सकाळची शाळा, नातवाची बस. पहाटे पाचपासून नंबर. धुण्याचं मशिन न्हाणीत होतं, तेही बंद. कपडे हाताने, बादलीत. मुलगा सरळ म्हणायचा, दोष आपला आहे हे सिद्ध झालेलं नसताना आपण ही शिक्षा का भोगतोय? प्रश्न बरोबर होता. सिस्टरचं उत्तर मला अजून पुरतं पटलेलं नाही, पण ते असं: “सिद्ध व्हायला वेळ लागंल. थांबवायला लागत नाही.”

तपासणी दसऱ्यानंतर, पाऊस उघडल्यावर केली. भर पावसात करून उपयोग नसतो. बाहेरच्या भिंतीची ओल आणि आतली ओल एकमेकांत मिसळते आणि ज्याला जे म्हणायचं ते म्हणता येतं. अठराव्या अध्यायातले ‘एक-दोन जण’ म्हणून मी आणि इमारतीचे सेक्रेटरी हजर. अण्णाही होते, आणि त्यांनीच दुकानातून ट्रॅपला लावायचा बूच आणला.

पद्धत सोपी आहे, कुणालाही करता येईल. न्हाणीच्या ट्रॅपला बूच मारायचं, फरशीवर दोनेक इंच पाणी साठवायचं, त्यात रंग कालवायचा आणि एक दिवस-रात्र थांबायचं. खाली रंग उतरला तर गळती तिथली. सिस्टरनी औषधाच्या कपाटातून पोटॅशियम परमँगनेट काढून दिलं (पाण्यात जांभळं, पण डाग तपकिरी). त्यांच्या न्हाणीत ते. देव्हाऱ्यामागच्या भिंतीला लागून डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी, जातो, त्यात तिसऱ्या मजल्याच्या सिंकचा पाइप. मालक पुण्यात, घरात भाडेकरू. त्या सिंकमधून कपड्यांची नीळ घोळून सोडली. दोन जागा, दोन रंग, म्हणजे वादाला जागा नको.

दुसऱ्या दिवशी खालच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तपकिरी डाग उतरला होता. सिस्टरच्या ट्रॅपचा सांधा उघडलेला, दोष त्यांचाच. देव्हाऱ्याच्या वर मात्र निळा फराटा. तिसऱ्या मजल्याच्या पाइपचा डक्टमधला सांधा फुटला होता. देवावर पडणाऱ्या पाण्याशी सिस्टरच्या न्हाणीचा काही संबंधच नव्हता.

मी तो निकाल सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला आणि सेक्रेटरींना रजिस्टरमध्ये लिहायला लावलं. सिस्टर म्हणाल्या, “असू दे भाऊ, लिहिताय कशाला.” मी लिहायला लावलंच. क्षमा करायची तर कशाची करतोय ते नीट नोंदलेलं बरं, हे माझं ओव्हरसियरचं मत. खरं झाकून केलेला समेट पहिल्या पावसात उखडतो. अण्णा निळ्या फराट्याकडं बघत राहिले. माफी मागितली नाही. ग्रुपवरचा मेसेजही काढला नाही. तो आजही तिथं आहे.

सिस्टरनी न्हाणी पूर्ण उकरली. फरशी, खालचा कोबा, ट्रॅप, सगळं नवं. वॉटरप्रूफिंगचे हात, परत पाणी साठवून परीक्षा, मग फरशी. नुसतं फटींत सिमेंट भरून हे काम होत नाही, आणि ज्याला स्वस्तात करायचंय त्याने दोनदा पैसे मोजायची तयारी ठेवावी. सगळा खर्च साठ-पासष्ट हजारांच्या घरात गेला, निवृत्तीच्या पैशांतून. खालच्या छताचा गिलावा आणि रंगही त्यांनी करून दिला.

तेव्हा अण्णांनी आणखी एक मागणी काढली. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांना ओलीने फुगारा आलाय, त्याही बदलून द्या. सिस्टर खाली जाऊन बघून आल्या. फुगारा होता, पण सिंकखालच्या ट्रॉलीला. गळतीच्या कोपऱ्यापासून ती लांब, आणि सिंकचा स्वतःचा पाइप ठिबकत होता. त्या म्हणाल्या, “छताचं माझं होतं, ते केलं. ट्रॉलीचं माझं नाही. ते मी देणार नाही.” आवाज न चढवता, पण ‘बघते हं’ न म्हणता. अण्णा तीन आठवडे बोलले नाहीत.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात ख्रिस्ती क्षण हा नकार आहे. मंडळीत मी हे बोललो तर बऱ्याच जणांना रुचलं नाही. त्यांच्या मते ट्रॉलीही देऊन टाकायला हवी होती, दुसरा गाल पुढे करायला हवा होता. मला तसं वाटत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. दोन अटी घालून लिहितो. तुमच्याकडून होईल ते पुरं करा, त्यात कसूर नको. समोरच्याने तोंड फिरवलं तर तो भाग तुमच्या हातात नाही. वर्षभर सिस्टर उलटं करत होत्या: आपल्याकडचं काम टाळत होत्या आणि अण्णांचा राग कसा शांत होईल याची काळजी वाहत होत्या. न्हाणी दुरुस्त झाल्यावर त्यांना ‘नाही’ म्हणता आलं, कारण देणं बाकी राहिलं नव्हतं.

ते तीन आठवडे त्या रोज जिन्यात अण्णांना “काय अण्णा, निघालात का” विचारत राहिल्या. उत्तर यायचं नाही. दाराआड मात्र थांबल्या नाहीत. मुलाच्या भाषेत, “मम्मीचा बीपी पहिल्यांदा गोळी न वाढवता नॉर्मल आला.” यातलं किती न्हाणीचं आणि किती गोळीचं ते डॉक्टरांनी ठरवावं.

अण्णांनी अबोला सोडला तो त्यांच्या पद्धतीने. न्हाणीच्या फुटक्या फरशीची, कोब्याची पोती सिस्टरच्या पॅसेजमध्ये पडून होती, न्यायला हमाल मिळत नव्हता. एका दुपारी दुकानातली दोन पोरं टेम्पो घेऊन आली आणि सगळी पोती उतरवून घेऊन गेली. पैसे घेतले नाहीत. “मालकानं सांगितलंय” एवढंच. त्या संध्याकाळी जिन्यात “काय अण्णा” म्हटल्यावर “हां सिस्टर” आलं.

म्हाताऱ्या आईंचं वेगळंच. त्यांच्या पायाला मधुमेहाची जखम होती, तिचं ड्रेसिंग सिस्टर आता एक दिवसाआड करतात. हे त्या कुणाला सांगत नाहीत; मला कळलं ते अण्णांच्या बायकोकडून. देव्हारा त्याच खोलीत आहे. आजी पोथी वाचत असल्या तर सिस्टर त्यांचं वाचून होईपर्यंत बसतात. सिस्टर कधी मनात प्रार्थना करत असतील तर त्याबद्दल आजींना विचारावंसं वाटलेलं नाही. दोघींपैकी कुणी आपलं सोडलेलं नाही, आणि दुसरीने सोडावं अशी दोघींची अपेक्षाही दिसत नाही.

डक्टमधल्या पाइपचं घोंगडं अजून भिजत पडलंय. सांधा तात्पुरता बांधला, देव्हारा कोरडा आहे, पण पूर्ण लाइन बदलायची तर पुण्याच्या मालकाने त्याचा वाटा द्यायला हवा. तो फोन उचलत नाही. अण्णांचं म्हणणं, त्याचं पाणी तोडा. सिस्टरचं म्हणणं, भाडेकरूच्या घरात तान्हं मूल आहे, पाणी तोडायचं नाही. नोटीस द्या, आणि तोवर आपण वर्गणी काढून लाइन बदलू, हिशेब त्याच्या नावावर लिहून ठेवू. गेल्या मीटिंगमध्ये दोघंही या मुद्द्यावर अर्धा तास भांडले, समोरासमोर, आवाज चढवून, सिस्टरसुद्धा. ठराव अजून झालेला नाही. पुढची मीटिंग रविवारी आहे, उपासना सुटल्यावर, म्हणजे मला जाता येईल.